हजार की दीड हजार?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. यंदाच्या गणनेआधी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात थवा एवढा मोठा असतो की मोजता मोजता आकडा विसरतो. कसे मोजावे? (निफाड)

एकेक करून मोजायच्या फंदात पडू नका. थव्यातले पन्नास पक्षी नीट मोजा, त्यांनी दुर्बिणीत किती जागा घेतली ते डोळ्यांत बसवा आणि तोच तुकडा थव्यावर पुढे पुढे सरकवत न्या. मात्र थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असेल, तर दोन्हीकडे तुकडा वेगवेगळा ठरवा. कडेचा तुकडा मधोमध लावलात की आकडा हमखास कमी भरतो.

आधी वारकरी पक्षी उरकून घ्या. काळे अंग, पांढरे कपाळ. घोटाळा व्हायचे कारण नाही. मग थापट्या, मग तलवार बदक, अशी एकेक जात घ्यायची. शेंडी बदकासारखे बुड्या मारणारे पक्षी असतील, तर काही जण कायम पाण्याखालीच असणार. तिथे तीन-चारदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरा.

सूर्य पाठीशी हवा आणि शेजारी लिहिणारा हवा. मोजणाऱ्यानेच वहीत डोके घातले की जागा हरवलीच! दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की बदके उठतात, वारकरी पाण्यावर पाय आपटत पळत सुटतात. ते स्थिरावेपर्यंत थांबा आणि नव्याने सुरू करा.

अंदाजाने मोजलेल्या थव्यापुढे ‘१२४७’ लिहिलेले दिसले की मला हसू येते. सरळ ‘अंदाजे १२५०’ लिहा.

प्रश्न : बदकांच्या माद्या सगळ्या तपकिरीच दिसतात. काय करू? (पुणे)

चोच पाहा. थापट्याची चोच टोकाला पळीसारखी पसरट असते, ती मादीतही लपत नाही. चक्रांगाच्या पंखावर हिरवा पट्टा असतो. भुवई बदकाच्या मादीचा चेहरा जास्त पट्टेरी. तरीही उमगले नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहून मोकळे व्हा. त्या रकान्याची लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या तलावावर गेल्या वर्षी शेकडो बदके होती, यंदा एकही नाही. मग काय पाठवायचे? (सोलापूर)

शून्य पाठवा. सोबत पाणी किती होते, मासेमारी चालू होती का, तेही लिहा. भरपूर पावसाच्या वर्षी जागोजागी पाणी असते, बदके पांगतात. म्हणून एका शून्यावरून तलाव संपला असे ठरत नाही. मात्र सलग काही वर्षे शून्यच आले, तर तक्रार करायला हातात कागद हवा. आकड्यांना वजन असते: एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, तर तो रामसर दर्जाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरण्याचा, एक निकष ठरतो. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

प्रश्न : ड्रोनने फोटो काढून मोजले तर? (नाशिक)

नको. पक्षी उठतील, शेजारच्या तलावावर जातील आणि तिथला गट त्यांनाच पुन्हा मोजेल. अभयारण्यात तर वन विभागाच्या परवानगीशिवाय तो उडवताही येत नाही. त्यापेक्षा कुणाकडून तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एकनळी मोठी दुर्बीण, मागून आणा.