ओव्हरटाइम नसलेल्या महिन्यात हप्ता बसतो का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक 24 वर्षांचे आहेत. राजगुरुनगरजवळच्या गावात घर, चाकण एमआयडीसीत कंत्राटी काम, हातात येतात 18,500. घरी 7,000 देतात, बहिणीच्या कॉलेजसाठी 2,000 बाजूला काढतात, डबा-चहा-मोबाइल धरून 3,000 जातात. जाण्यायेण्याला बस आणि शेअर जीप मिळून रोज 90 रुपये लागतात. खात्यात 34,000 साठलेत. दसऱ्याला स्प्लेंडर प्लस घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो, 15,400 भरा आणि गाडी न्या, बाकी 2,956 चा हप्ता, 36 महिने. दुसरीकडे मित्र त्याची 2016 ची 150 सीसी गाडी 38,000 ला द्यायला तयार आहे. काय करावं?

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. लोक नुसता हप्ता सांगतात आणि मग मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तुम्ही लिहिलंय की गाडी आली की जीपचे पैसे वाचतील. नाही वाचणार. रोज 40 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस म्हणजे 1,040 किलोमीटर. जाहिरातीतलं ॲव्हरेज सोडा, हायवेची गर्दी आणि चाकण चौकातला खोळंबा धरून 60 मिळालं तरी उत्तम. सतरा-सव्वासतरा लिटर पेट्रोल, लिटरला 104 धरले तर 1,800 रुपये. ऑइल, सर्व्हिसिंग, चेन-स्प्रॉकेट, टायर यांसाठी महिन्याला 500 आणि पुढच्या विम्यासाठी 100 बाजूला टाकायलाच हवेत. झाले 2,400. आज तुम्ही जीपला 2,340 देताय. म्हणजे फिटंफाट. हप्ता आहे तो सगळाच्या सगळा वरचा खर्च आहे.

मग गाडी घ्यायचीच का? तर हो, घ्यायची. कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आलीय: सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री वाहन मिळत नाही म्हणून महिन्याला चार-पाच ओव्हरटाइम सोडावे लागतात. ती कमाई गाडीमुळे होईल. पण तुमचं काम कंत्राटी आहे. कंपनीची ऑर्डर कमी झाली की आधी ओव्हरटाइम बंद होतो आणि मग कंत्राटी मुलांचे दिवस कमी होतात. हप्त्याला यातलं काही कळत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझी कसोटी एवढीच: ज्या महिन्यात एकही ओव्हरटाइम नाही, त्या महिन्यात हप्ता भरून हातात काय उरतं? स्प्लेंडरच्या हिशोबात उरतात 1,144 रुपये, आणि असे 36 महिने काढायचे. त्यात एकदा घरी कुणी आजारी पडलं की संपलं.

आता कोटेशन बघू.

एक्स-शोरूम 74,200. रोड टॅक्स आणि नोंदणी 8,900. विमा 6,700. ॲक्सेसरीज 2,850. हँडलिंग 1,500. ‘केअर पॅकेज’ 1,250. एकूण 95,400. यातल्या शेवटच्या तीन ओळी म्हणजे 5,600 रुपये, आणि त्यांतली एकही सरकारी नाही. हँडलिंग चार्ज हा कुठल्याही आरटीओचा आकार नसतो; गाडी गोदामातून शोरूमला आणायचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे? ‘हे काढून नवीन कोटेशन द्या’ म्हणून शांतपणे सांगा. पूर्ण निघालं नाही तरी निम्मं नक्की निघतं. सीट कव्हर आणि लेग गार्ड गावात निम्म्या पैशांत बसवून मिळतात.

विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, सक्तीचा आहे. 75 ते 150 सीसी गाडीला त्याचा ठरलेला आकार 3,851 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 4,544. तो सगळीकडे सारखाच. उरलेले दोन हजार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आणि मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्याचे. यात कंपनीगणिक फरक पडतो आणि शोरूमचाच विमा घेतला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन ठिकाणी विचारा. मात्र पैसे वाचवायला अपघात विमा काढून टाकू नका. पुणे-नाशिक हायवेवर रात्री साडेअकराला ट्रेलरच्या रांगेतून यायचंय तुम्हाला. नॉमिनी म्हणून आईचं नाव आणि डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट, या दोन गोष्टींत काटकसर नको.

आणि कर्ज. ‘11 टक्के’ असं पेनाने लिहून दिलंय, त्याच्यापुढे ‘फ्लॅट’ हा शब्द बारीक अक्षरात आहे. 80,000 वर 11 टक्के तीन वर्षं म्हणजे 26,400 व्याज. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, शेवटच्या वर्षी तर 80,000 तुमच्याकडे नसतातच. व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी आणखी वेगळी. 95,400 ची गाडी तुम्हाला 1,21,800 ला पडते. सहीच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना ते द्यावं लागतं आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागितला की समोरच्याचा सूर जरा बदलतो, हा माझा अनुभव.

मित्राची गाडी नको. गाडी वाईट आहे म्हणून नाही. तुमच्या कामाची नाही म्हणून. 150 सीसीला 42 चं ॲव्हरेज धरलं तर महिन्याला पेट्रोलच 2,575 चं, म्हणजे 100 सीसीपेक्षा पावणेआठशे जास्त. वर्षाला नऊ हजारांवर गेले. शिवाय 2016 ची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, थकलेली चलनं किती, आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, हे सगळं आलं. मी 2009 मध्ये एक जुनी गाडी रोखीत घेतली होती. मूळ मालकाने कर्ज फेडलं होतं, पण कर्ज फिटल्याचं फायनान्सवाल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, कधी आणलीच नव्हती. तो गाव सोडून गेलेला. गाडी माझ्या नावावर व्हायला आठ महिने गेले आणि तेवढे महिने पोलीस दिसला की मी रस्ता बदलायचो. जुनीच घ्यायची वेळ आली तर 100 सीसी बघा, सकाळी इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघा, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय, बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मैत्री असली तरी.

मग कोणती? तुमच्याच शोरूमने एचएफ डिलक्सचा सेल्फ-स्टार्टवाला आकडा 74,400 ऑन-रोड दिलाय आणि तुम्ही त्यावर ‘पण ती एवढी चालत नाही’ असं लिहिलंय. चालत नाही म्हणजे विकताना, रस्त्यावर नव्हे. स्प्लेंडर प्लस आणि एचएफ डिलक्स दोन्ही हीरोच्याच, दोन्हींत 97.2 सीसी इंजिन. स्प्लेंडरला जुन्या बाजारात चार-पाच हजार जास्त येतात हे खरं, पण त्यासाठी आज एकवीस हजार जास्त आणि वर त्याचं व्याज? होंडाची शाइन 100 एकदा चालवून बघा, तीही याच माळेतली. प्लॅटिना आणि टीव्हीएस स्पोर्टही वाईट नाहीत. आपल्याकडे 99 सीसीपर्यंत रोड टॅक्स 10 टक्के आणि त्यापुढे 11, त्यामुळे या दोघींना सहाशे-साडेसहाशे जास्त पडतात; पण त्यावरून गाडी ठरवू नका, तुमच्या गावच्या मेकॅनिकचा हात कशावर बसलाय ते विचारा. सीएनजीवरची बजाज फ्रीडम तुमच्या बजेटबाहेर आहे.

दसरा मात्र सोडावा लागेल. मला माहीत आहे, झेंडूचा हार घालून गाडी दारात यावी असं घरी सगळ्यांना वाटतं. पण आज एचएफच्या 74,400 पैकी 34,400 डाउन पेमेंट करायला गेलात तर खातं रिकामं होऊनही 400 कमी पडतील. तीन महिने थांबा. सध्या तुमचे महिन्याला 4,160 उरतात, तीन महिन्यांत साडेबारा हजार. जानेवारीत जवळ 46,000 वर असतील. 34,400 भरा, 12,000 खात्यात तसेच राहू द्या. तेव्हा शोरूममध्ये आदल्या वर्षात बनलेल्या गाड्या उभ्या असतात, त्यावर घासाघीस करता येते. विकताना एक वर्ष जुनी धरली जाईल, पण तुम्ही ही गाडी आठ-दहा वर्षं पिदडणार आहात. पक्कं लायसन्स नसेल तर हे तीन महिने त्यालाही पुरतात.

राहिले 40,000. तुमची आई बचत गटात आहे आणि गट महिना एक टक्क्याने, शिल्लक रकमेवर, कर्ज देतो असं तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबलो. महिन्याला 2,000 मुद्दल, वीस महिने. पहिल्या महिन्याचं व्याज 400, शेवटच्याचं 20. एकूण व्याज 4,200. शोरूमच्या 26,400 शेजारी हा आकडा ठेवून बघा. पहिल्या महिन्यात ओव्हरटाइम नसताना उरतील 1,700 आणि दर महिन्याला त्यात वीस-वीसची भर पडेल. ओव्हरटाइमचे पैसे आले की ते खर्चात न मिसळता थेट मुद्दलात टाका, वर्षा-सव्वा वर्षात मोकळे व्हाल.

एक गोष्ट मात्र आईसमोर बसून बोला. गटाच्या बैठकीत हप्ता चुकला तर नाव तुमचं घेत नाहीत, तिचं घेतात, आणि तेही दहा-बारा ओळखीच्या बायांसमोर. त्यामुळे खात्यातले ते 12,000 म्हणजे सहा महिन्यांचं मुद्दल आहे असं समजा आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. गटाकडे एकाच वेळी एवढी रक्कम नसेल तर 25,000 गटाकडून घ्या आणि उरलेल्यासाठी आणखी साडेतीन महिने थांबा. शोरूमच्या टेबलावर उरलेलं कर्ज करू नका.

बहिणीला काळ्यावर लाल पट्ट्याचीच हवी आहे म्हणता. त्याला माझी हरकत नाही. एचएफमध्येही तो रंग येतो.