तर्रीतलं गोल कडं

प्रश्न: मी घरून मिसळ, फराळ आणि डोहाळजेवणाच्या ताटांच्या ऑर्डरी घेते. ताटाचे फोटो लागतातच, शिवाय ताटापाशी बसलेल्या लेकीचेही काढून द्या म्हणतात. रिंगलाइट घेतला, पण तर्रीत त्याचं गोल कडं उमटतं आणि चेहरा सपाट येतो. स्कूटीवर नेता येईल असा कोणता दिवा घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, रिंगलाइट कॅमेऱ्याभोवती असतो. उजेड समोरूनच पडतो, सावली उरत नाही, आणि सावलीवाचून शेवेचा कुरकुरीतपणा फोटोत उतरत नाही. तुम्हाला बाजूला ठेवता येईल असा दिवा हवा.

खिशात मावणारं छोटं पॅनल मात्र घेऊ नका. एवढ्याशा दिव्याची सावली कडक पडते. ती मऊ करायला पुढे कापड धरावं, तर निम्म्याहून जास्त उजेड कापडच खातं. बॅटरीवर चालणारा ४० ते ६० वॅटचा एलईडी आणि छत्रीसारखा मिटणारा ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी, घ्या. सॉफ्टबॉक्सला पैसे पुरले नाहीत, तर कपडे वाळवायच्या स्टँडवर धुतलेलं पांढरं धोतर टाका आणि दिवा मागे हातभर ठेवा. मी कित्येक वर्षं असंच काम केलं.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा म्हणजे सीआरआय. खोक्यावर 'सीआरआय ९५' दिसलं तरी 'आर९', म्हणजे गडद लालचा वेगळा आकडा, किती हे विचारा. सीआरआय आठ फिकट रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. माझ्या पहिल्या दिव्याखाली सोलकढी राखाडी आली होती. ती सगळी ताटं मला पुन्हा मांडावी लागली. आर९ नव्वदीच्या पुढे असेल तरच तर्री तर्रीसारखी दिसते आणि माणसाची कांतीही जिवंत वाटते. दुकानात तळहात दिव्याखाली धरा. मेलेला दिसला, तर परत फिरा. उजेड कमी करून फोनवर स्लो मोशनही घेऊन बघा. लुकलुक दिसली, तर तो दिवा नको.

ताटासाठी दिवा मागून, थोडा बाजूला, घड्याळात दहा वाजतात त्या दिशेला ठेवा. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करा. पुरणपोळीवरचं तूप तेव्हा चमकतं. चेहऱ्यासाठी दिवा डोळ्यांच्या थोडा वर, दोनेक फुटांवर आणा. चार फुटांवर नेलात, तर उजेड जवळजवळ चौथाई होतो आणि मऊपणाही जातो. खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब मालवायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गालाचा एक भाग निळसर, दुसरा पिवळा येतो.

डोहाळजेवणाला साडी बहुधा हिरवी असते. तिची हिरवी झाक हनुवटीखाली चढते, म्हणून थर्मोकोलचा तोच तुकडा लेकीच्या मांडीवर, चौकटीबाहेर ठेवा. फुलांच्या वाडीतल्या पाकळ्या पांढऱ्याफटक होऊ लागल्या, तर फोनच्या पडद्यावर फुलांवरच बोट टेकवून उजेड थोडा उतरवा.