मेल प्रिंट केला की रंगीत पट्टी गायब आणि अक्षरं राखाडी का येतात?

प्रिंटर ठणठणीत आहे, नवं कार्ट्रिज आणायला धावू नका.

तुम्ही लिहिलंय की जीमेल क्रोममध्ये उघडता, बिलाच्या मेलमध्ये वर गडद निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ग्राहक क्रमांक असतो, आणि कागदावर पट्टीच नाही, क्रमांक तेवढा पुसट राखाडी. हे क्रोम मुद्दाम करतो. शाई वाचावी म्हणून ब्राउझर मागचा रंग सहसा छापतच नाहीत. आता पट्टी काढली आणि अक्षरं पांढरीच ठेवली, तर काय दिसणार? साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरा कागद. म्हणून क्रोम फिकट अक्षरं आपणहून गडद करतो. पण पांढऱ्याचं थेट काळं करत नाही, राखाडीवरच थांबतो. लोगो मात्र नीट उमटतो, कारण तो बहुधा चित्र म्हणून मजकुरात बसवलेला असतो, पार्श्वभूमीत मोडत नाही.

उपाय सोपा आहे. कंट्रोल-पी दाबल्यावर ‘मोअर सेटिंग्ज’ उघडा आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर टिक करा. फायरफॉक्समध्ये याच जातीचं ‘प्रिंट बॅकग्राउंड्स’ आहे. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम फायरफॉक्सच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे तिथेही तसंच. जुन्या पद्धतीच्या आउटलुकची गोष्ट वेगळी. २००७ पासून तो मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतो, त्यामुळे टिकही वर्डच्या थाटाची: ऑप्शन्स, मेल, एडिटर ऑप्शन्स, डिस्प्ले, आणि तिथे ‘प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस’.

पाठवणाऱ्याने सोय करून ठेवायला नको का, असंही तुम्ही विचारलंय. वेबपेजच्या कोडमध्ये लिहायचा ‘प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट’ नावाचा नियम आहे. तो मुळात ‘इकॉनॉमी’वर, म्हणजे शाई वाचवण्यावर असतो, ‘एग्झॅक्ट’ लिहिलं तर रंग ठेवायची विनंती होते. पण मेलमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, मेल दाखवणारे प्रोग्रॅम असे बरेच नियम गाळून टाकतात.

बिलाचं एक वेळ चालेल, क्रमांक वाचता तरी येतो. खरी पंचाईत एक्सेलमधून मेलमध्ये चिकटवलेल्या तक्त्यांची होते. सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता घ्या: थकबाकीदारांच्या ओळी लाल, भरणाऱ्यांच्या हिरव्या. टिक नसेल तर कागदावर सगळे सारखेच सज्जन! आणि टिक केली, पण प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट लेझर असला, तरी गोंधळ मिटत नाही. उजळपणा काढायच्या एका रूढ सूत्रात लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असं वजन असतं. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं, तर त्या हिशेबाने भडक लाल २५५ पैकी ७६ वर येतो आणि नेहमीचा गडद हिरवा (२५५ पैकी १२८ हिरवा) ७५ वर. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकच राखाडी. अशा तक्त्यात ‘बाकी’ आणि ‘जमा’ असा सरळ रकाना घालायला सांगा. पिवळी अक्षरं तर २२६ वर जातात, कागदावर शोधावी लागतात.

तुमच्या बिलापुरतं म्हणाल तर मी टिक करून आधी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करीन. पट्टी आली की नाही ते स्क्रीनवरच कळतं, कागद वाया जात नाही. फक्त फाइलला लावायची प्रत हवी असेल, तर टिक करूच नका आणि ग्राहक क्रमांक पेनाने लिहा. गडद निळी पट्टी छापण्यात शाई उगाच जाते.