ओल नंतर बघू, आधी सांडव्यातली पोती काढा

तुम्ही लिहिलंय की नाशिकजवळ गिरणारेच्या बाजूला घेतलेल्या जमिनीत आधीच्या मालकाने नाला अडवून घातलेला मातीचा बंधारा आहे. उंची साधारण पाच मीटर, खालच्या अंगाला पायथ्याशी ओल, भरावावर बाभळी. आणि जाता जाता एका ओळीत, की पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, वाळूच्या पोत्यांचे दोन थर लावलेत. प्रश्न ओलीचा विचारलाय, पण मला धडकी भरली ती पोत्यांची.

दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा तग धरते. मातीच्या भरावावरून वीतभर पाणी वाहू लागलं की ते खालचा उतार कापत कापत मागे येतं, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. गुजरातेत मोरबीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं. दरवाज्यांतून मावेना एवढा पूर आला, बाजूचे मातीचे भराव वाहून गेले आणि मधला दगडी सांडवा तसाच उभा राहिला.

तुमचा हिशोब करू. पाणलोट, म्हणजे किती जमिनीवरचं पाणी तुमच्या तलावात येतं, ते लिहिलं नाहीत. ४० हेक्टर धरतो. तासाला ५० मिमी पाऊस झाला आणि त्यातलं साठ टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर पाणी येतं. तुमचा सांडवा तीन मीटर रुंद. एवढं पाणी बाहेर काढायला त्यावरून ७५ सेंटीमीटर खोल धार वाहायला हवी. सांडव्यापासून माथा सव्वा मीटर उंच आहे म्हणता, म्हणजे वर अर्धा मीटर मोकळा राहतो. ठीक होतं. दोन थर पोत्यांनी त्यातले ४० सेंटीमीटर खाल्ले. उरले दहा. जोराचा वारा असला तर लाटाच तेवढ्या उठतात.

शिवाय माथा सगळीकडे सारखा नसतो. जेसीबीने ढकललेला, रोलर न फिरवलेला भराव वर्षानुवर्षं बसत राहतो आणि जिथे तो सर्वात उंच, म्हणजे नाल्याच्या मध्यावर, तिथेच जास्त बसतो. गवंडी लेव्हलला वापरतात ती पाण्याची नळी घ्या आणि दर पाच मीटरवर माथा तपासा. तुमचे दहा सेंटीमीटर तिथे आधीच संपलेले असू शकतात. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, इगतपुरीत तीन हजारांच्या वर. तुम्ही शहराच्या पश्चिमेला आहात, तेव्हा शहराचा आकडा धरून बसू नका.

आता ओल. मातीचं धरण पाझरतंच. आपलं गंगापूर धरणही मातीचंच, १९६५ साली पूर्ण झालेलं. मोठ्या धरणांत पाझर येणार हे धरूनच वाळूचा फिल्टर, पायथ्याला दगडांचा बांध (टो) आणि त्याला लागून चर दिलेला असतो. तुमच्याकडे यातलं काही नसणार. तेव्हा पाणी येतंय का यापेक्षा ते गढूळ आहे का, हे बघायचं. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर आतून भराव धुपतोय, आणि ते थांबून बघण्यासारखं प्रकरण नाही. स्वच्छ असेल तर मोजायला लागा. पत्र्याला नव्वद अंशाची व्ही आकाराची खाच पाडून पाझराचं पाणी वाहतं त्या ओघळीत बसवा. खाचेतून पाच सेंटीमीटर उंचीचं पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, दहा सेंटीमीटर म्हणजे जवळपास साडेचार. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीवर! म्हणून ‘थोडंसंच वाढलंय’ यावर विसंबू नका. तारीख, तलावाची पातळी आणि खाचेतली उंची वहीत लिहा. पातळी तीच असून पाझर वाढला तर गडबड आहे.

एक नक्की पाहा: ओल पाणी सोडायच्या पाइपाच्या रेषेत आहे का? पाइपाभोवती माती नीट दाबली जात नाही, आणि पाणी त्याच्या कडेकडेने वाट काढतं. दिंडोरी तालुक्यात एका बागायतदाराचा बंधारा असाच पाइपापाशी फुटताना मी पाहिलाय. आदल्या दिवशी तिथे मनगटाएवढी गढूळ धार होती आणि त्यावर ट्रॉलीभर काळी माती टाकली होती. तेच करायचं नसतं. बाहेरचं तोंड बुजवलं की पाणी दुसरीकडून फुटतं. टाकायची तर आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. आणि सोबत तलावाची पातळी उतरवायची, पण सावकाश. एकदम उपसलं तर आतला ओला उतार घसरतो.

बाभळींची मात्र घाई करू नका. मनगटाएवढी रोपं मुळासकट काढून खड्डे दाबून भरा. मोठी झाडं आता तोडलीत तर मुळं आतच कुजून पाण्याला बोगदे तयार होतात. ती पावसाळ्यानंतर, पाणी खाली असताना मुळांसह काढून भराव पुन्हा थरांनी दाबायचा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, तेव्हापासून खेकड्यांचं नाव काढलं की लोक हसतात. बिळं खरंच त्रासदायक असतात, पण २ जुलै २०१९ च्या त्या रात्रीआधी गावकरी गळतीच्याच तक्रारी करत होते, हे विसरू नये.

कायद्याचं थोडक्यात: २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पाच मीटरच्या बांधाला लागू होत नाही. पण नाल्याचं पात्र सरकारी असतं, तेव्हा सातबारा आणि गटाचा नकाशा काढून परवानगी होती का ते बघा. खालच्या वस्तीचं नुकसान झालं तर ‘आधीच्या मालकाने बांधलं’ हे कुणी ऐकणार नाही. त्या वस्तीतल्या दोघांचे नंबर आजच घेऊन ठेवा. मातीची तपासणी करायची तर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नाशिकला दिंडोरी रोडवरच आहे.

पाणलोटाचा आकडा, माथ्याच्या पातळ्या आणि पाइपापाशी काढलेले फोटो टाका, मग पुढचं सांगतो. पोती मात्र फोटोंआधी काढा.