एफटीआयआरवर (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र) प्लास्टिकचा तुकडा नेमका कोणता आहे ते खरंच कळतं का?

हो, कळतं, आणि तेही मिनिटभरात. ४००० ते ४०० सेंटिमीटर इन्व्हर्स (एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी, ते एकक) या मिड-इन्फ्रारेड पट्ट्यात प्रत्येक बाँड (अणूंमधला बंध) आपापल्या फ्रिक्वेन्सीला हलतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीचा प्रकाश शोषतो, त्यामुळे पेट बाटलीचा तुकडा ठेवला की १७१५ च्या आसपास कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) ठळक पीक, म्हणजे आलेखातलं टोक, येतो, पॉलिथिनमध्ये तो नसतोच, तिथे २९१५ आणि २८४८ ला सी-एचचे दोन पीक दिसतात. एटीआर (सॅम्पलचा पृष्ठभाग थेट तपासणारी जोडणी) असेल तर सॅम्पल बनवायची कटकट नाही, हिऱ्याच्या क्रिस्टलवर तुकडा दाबून धरायचा बस. पण तो वरचे एक-दोन मायक्रॉनच बघतो हं, म्हणून मल्टिलेयर पाकिटाच्या दोन्ही बाजू वेगळ्या घ्या, मधला थर बघायचा तर कापूनच बघावा लागतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते काळ्या प्लास्टिकचं, रिसायकलिंगमधले निअर-इन्फ्रारेड सेन्सर कार्बन ब्लॅकमुळे (काळ्या रंगासाठी घातलेल्या काजळीमुळे) तिथे अडकतात, मिड-आयआरमध्ये मात्र बऱ्याचदा ओळख पटते.

सॅम्पल कोरडं ठेवा, पाण्याचा पट्टा १६४० ला नायलॉनच्या पीकवरच येऊन बसतो. आणि एचडीपीई की एलडीपीई (जास्त की कमी घनतेचं पॉलिथिन) हे फक्त यावरून ठामपणे सांगू नका, दोघांचे स्पेक्ट्रम जवळजवळ सारखे असतात, त्यासाठी डीएससी (सॅम्पल तापवून उष्णता मोजायची चाचणी) करून मेल्टिंग पॉइंट बघा.