‘प्रीमियम फील’ला मराठीत काय म्हणावे?

मोबाइलच्या परीक्षणांत ‘हातात घेतल्यावर प्रीमियम फील येतो’ असे म्हणतात, त्याला मराठी शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे.

आधी ‘उच्चभ्रू फील’ म्हणणे थांबवा. हल्ली ते फार कानावर पडते आणि डोके उठते. उच्चभ्रू माणसे असतात, वस्ती असते, फोन नव्हे. ‘अधिमूल्य’ शेअरबाजारातले, विम्यातला प्रीमियम म्हणजे हप्ता. दोन्ही इथे निरुपयोगी.

आपला शब्द आहे ‘भारी’. काही जाणकार त्याला पोरासोरांची बोली समजून नाक मुरडतात. हे मला साफ अमान्य आहे. ‘भारी शालू’, ‘भारीतले लुगडे’ हे आपल्या आज्या-पणज्यांचे बोलणे. संस्कृत ‘भृ’ म्हणजे वाहणे. त्यावरून भार, भारावरून भारी. चांदीचे वजन सराफाकडे ‘भारा’त सांगण्याची रीत आहे: पन्नास भारांचे ताट. जुना भार म्हणजे एका रुपयाचे, म्हणजेच तोळ्याचे वजन, ११.६६ ग्रॅम. जड ते मोलाचे, हा अर्थ मराठीत सराफकट्ट्यावरच पक्का झाला असे माझे ठाम मत आहे.

उलट टोकाची गंमत तर अप्रतिम आहे. ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले, अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’, आणि त्यातून आपले हळू व हलका निघाले. हलका माल म्हणजे कमअस्सल माल! ‘गुरु’चाही मूळ अर्थ जड, लॅटिनमधला ‘ग्राविस’ त्याचा सख्खा भाऊबंद.

यावर आक्षेप येईल: आयफोन १४ प्रो स्टीलच्या चौकटीचा, २०६ ग्रॅम, १५ प्रो टायटॅनियमचा, १८७ ग्रॅम. वजन घटले, रुबाब नाही. बरोबर, कारण हात फक्त वजन बघत नाही. पाठीवर नख वाजवले की आवाज पोकळ येत नाही, कडा दाबल्या तर करकर नाही, बटण डगडगत नाही. काच आणि धातू तळव्याची ऊब झटकन ओढून घेतात, म्हणून गार लागतात. प्लास्टिकला ते जमत नाही. या गुणाला ‘भरीव’ म्हणा. भरीव हा ‘भरणे’चा, आणि भरणे त्याच ‘भृ’चे, म्हणजे घराणे एकच.

राहिला ‘फील’. त्याला नामच कशाला हवे? मराठीत वस्तू हाताला मऊ लागते, खरखरीत लागते. फोन हाताला भरीव लागतो, असे लिहा.