बोटीच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे भाग ब्लास्टिंगने (दाबाच्या हवेने बारीक कण मारून) साफ करायला काय वापरावं?

मालवणात खाऱ्या पाण्याने आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचं) हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, कार्ब्युरेटर आणि बाहेरची कव्हरं पांढरी पडलीत म्हणताय, तर किनाऱ्यावरची वाळू आधी डोक्यातून काढा. तिच्यात मीठ असतं, ती ॲल्युमिनियम खरवडते, आणि सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो. तो बरा होत नाही हो. स्टील ग्रिट म्हणजे पोलादाचे दाणेही नकोत. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथूनच गंज धरतो.

बाहेरच्या कव्हरांना बारीक ग्लास बीड (काचेचे मणी) उत्तम, दाब 50-60 पीएसआयच्या आत ठेवा. पण हेड किंवा तेलाच्या वाटा असलेल्या भागावर मी बीड कधीच मारू देणार नाही. आत अडकलेले मणी तेलाबरोबर फिरून बेअरिंग खातात. तिथे सोडा ब्लास्टिंगच करा, म्हणजे खायच्या सोड्याचे कण मारा. उरलेला सोडा पाण्यात विरघळतो, गॅस्केट बसते ती जागाही खराब होत नाही. धातूत खोलवर गेलेला पांढरा खार मात्र सोड्याने निघत नाही.

आधी ग्रीस नीट धुवा. काम झाल्यावर गोड्या पाण्याने भरपूर धुऊन, प्रत्येक भोकात हवा मारून लगेच वाळवा. सोड्याचा थर राहिला तर वरचा रंग धरत नाही.